निळा तुकडा

नाना दुफीच्या घराण्यानं आपली जमीन आजवर वीतभरही विकलेली नाही. कुळाची प्रत्येक बैठक सुरू करताना कुळप्रमुख ब्रेन्या, ज्यांना सगळे मानानं ओपानिन म्हणत, उभे राहून हे वाक्य म्हणत, आणि म्हणताना त्यांचा आवाज खरोखर भरून येई. विकलेली नाही हे खरंच होतं. नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली होती. रस्त्यापलीकडची चर्चवाल्यांना, ओढ्याकाठची सिमेंटचे ठोकळे पाडणाऱ्याला, आणि कोकोची जुनी बाग लंडनला राहणाऱ्या एका नर्सबाईंना, ज्यांनी ती अजून पाहिलीही नव्हती. नव्याण्णव वर्षांनी सगळी परत येणार होती. तोवर ओपानिन ब्रेन्यांनी फ्रीज घेतला होता.

हा फ्रीज गेले दोन दिवस त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, आफुआ ताचिवाच्या डोक्यात घरघरत होता.

आज गुरुवार. आमोआक्रोममध्ये गुरुवारी कुणी मातीत कुदळ घालत नाही, धरणीचा तो विसाव्याचा दिवस. साहजिकच जमिनीवरून होणारी सगळी भांडणं गुरुवारी होतात, कारण माणसं घरी सापडतात. घरासमोरच्या मैदानात आंब्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. ताचिवा हातावरचं पीठ न धुताच येऊन बसली. सगळ्यांना दिसावं म्हणून धुतलं नव्हतं.

मंगळवारी गावप्रमुखाच्या वाड्याच्या भिंतीवर जिल्हा कचेरीनं गावाचा आराखडा टांगला होता. अख्खं गाव गुलाबी, ओढ्याकडेला हिरवं, आणि रस्त्यालगत एकच तुकडा निळा. निळा म्हणजे व्यापारी. तो तुकडा नेमका याच मैदानावर पडला होता, नाना दुफीच्या घराण्याच्या मैदानावर. पायवाटेच्या अलीकडे निळं. पलीकडे, जिथे ताचिवाची पावाची भट्टी होती, तिथे गुलाबी.

“गुलाबी म्हणजे राहण्यासाठी,” असं तिला एबेनेझरनं तिथेच, चारचौघांत समजावलं होतं. एबेनेझर ब्रेन्यांचा मुलगा, जिल्हा असेंब्लीत गावाचा सदस्य. “तिथे धूर, आवाज किंवा वास करणारा धंदा चालणार नाही, आत्या. दोन वर्षांत हलवावा लागेल.”

“माझ्या पावाला वास येतो?”

“चांगला येतो, आत्या. पण येतो.”

भट्टी तिच्या आईनं बांधलेली, मातीची, पोटुशी बाई बसावी तशी. ती हलवता येत नाही, पाडता येते. त्या भट्टीवर ताचिवानं नवऱ्याशिवाय तीन मुलं वाढवली होती, आणि पहाटेच्या पहिल्या गाडीनं कुमासी शहराला जाणारी टोपली अजून तिचीच असे. मोकळ्या जागेत नवी बांधायची म्हटली तर जागा मागायची कुणाकडे? दादाकडे. म्हणजे नव्याण्णव वर्षांचं भाडं.

तेव्हा प्रश्न सरळ होता. निळा रंग पायवाटेपाशी येऊन थांबला, तो कुणी थांबवला?

दादाचा संशय पहिला. मैदान व्यापारी झालं तर पेट्रोल पंपवाला त्याच्या दारात उभा राहील. दुसरा आनिमचा. तो गेल्या वर्षी वारलेल्या थोरल्या बहिणीचा, फ्रेमाचा मुलगा. इथे वारसा आईकडून चालतो, तेव्हा दादानंतर कुळाची गादी भाच्याकडे, म्हणजे आनिमकडे जायची. गादीवर बसण्याआधीच गादीची किंमत वाढवून ठेवणारी माणसं तिनं पाहिली होती. शिवाय आनिम काल कुमासीहून आला तो तिच्यासाठी साखरेचं पोतं घेऊन. मोटारींचे सुटे भाग विकणारा माणूस मावशीला साखर देतो, तेही न मागता. आणि तिसरा एबेनेझर. तो मुलगा, म्हणजे बापाच्या कुळात त्याला काही नाही. पण ज्याला काही मिळणार नसतं तो नकाशे फार बारकाईनं वाचतो.

त्या क्षणी एबेनेझरची खुर्ची गोलाच्या बाहेर, रीतीप्रमाणे. पाय गोलाच्या आत.

ब्रेन्यांनी श्नॅप्स दारूची बाटली उघडली. पूर्वजांसाठी मातीवर थेंबभर सांडली, नावं घेतली आणि बाटली आपल्या खुर्चीखाली ठेवली.

“या घराण्यानं आजवर वीतभर जमीन...”

“दादा, ते झालं,” ताचिवा म्हणाली. “कचेरीतल्या माणसाला कुणी गाठलं, ते बोला.”

“आफुआ, तू माझ्याकडे बघून विचारतेस.”

“तुम्ही समोर बसलात.”

“मी गाठलं असतं तर तुझी भट्टी निळ्यात नसती का घेतली?”

“माझ्या भट्टीचं भाडं येत नाही. पंपाचं येतं.”

आनिमनं घसा खाकरला. कुमासीत राहून त्याला कोटाशिवाय बोलता येत नसे, एवढ्या उन्हातही त्यानं तो घातला होता. “मामा, मावशीचं म्हणणं असं की निळा तुकडा फारच सोयीचा आहे. एवढी सोय आपोआप होत नाही.”

“वा! म्हणजे तूही? अरे, उद्या हे सगळं तुझंच आहे.”

“म्हणून तर विचारतोय, उद्यापर्यंत किती उरणार?”

“आणि तू?” ब्रेन्या मुलाकडे वळले. “तू असेंब्लीत बसतोस. तुला तरी माहीत असेल.”

“बाबा, असेंब्लीत मी बसतो, पण आराखडा आला तेव्हा आमच्याकडे वीज नव्हती. अंधारात मंजूर केला.” खुर्ची आणखी एक वीत पुढे सरकली. “पण आत्या उगाच मला धरतेय. भट्टीच्या धुराबद्दल मी मागच्या महिन्यात विचारलं ते सहज.”

“सहज! माझ्या धुराची चौकशी माझ्या नवऱ्यानं कधी केली नाही, आणि तू सहज?”

इतक्यात ज्याला बोलावलं होतं तो मोटारसायकलवरून आला. जिल्ह्याचे नियोजन अधिकारी, मिस्टर आग्बेको. पूर्वेकडचे, तरुण, पाठीला पिशवी, आणि तोंडावर अशी निरागसता की गोलातल्या प्रत्येकाला वाटलं, याला नक्की कुणीतरी खाऊ घातलंय. त्यांना बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ब्रेन्यांनी विचारलं, “आमच्याकडे सगळं ठीक. आपलं येणं कशासाठी?”

“तुम्हीच निरोप पाठवलात.”

“ते खरं. पण येणं कशासाठी ते पाहुण्यानं सांगावं लागतं.”

“तुम्ही बोलावलंत, म्हणून आलो.”

“आम्ही ऐकलं,” ब्रेन्या समाधानानं म्हणाले. “आता विचारतो. हे मैदान निळं कुणाच्या सांगण्यावरून झालं?”

“कुणाच्याच नाही. दिसलं तसं रंगवलं.”

गोलात कुणीतरी हसलं. आग्बेकोंनी पिशवीतून टॅबलेट काढला. “आम्ही ड्रोन उडवतो, वरून फोटो घेतो. तुमच्या गावचे गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर घेतले, एका शनिवारी. शनिवारी ट्रक कमी असतात, धूळ कमी उडते. हे बघा. एवढा भरलेला बाजार जिल्ह्यात दुसरा नाही. मंडप, गर्दी, रस्त्यापर्यंत बसगाड्या. आमचा नियम आहे, चालू बाजार दिसला की त्याची जागा व्यापारी करायची.”

“आमोआक्रोमला बाजार नाही,” ताचिवा म्हणाली. “आम्ही बाजाराला ओढ्यापलीकडे जातो.”

“मग हे काय आहे?”

टॅबलेट हातोहात फिरला. वरून पाहिलेलं मैदान, त्यावर लाल आणि काळ्या मंडपांच्या रांगा, त्यांखाली मुंग्यांसारखी माणसं. आनिमनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणि त्याचा चेहरा बदलला.

“ही माझी आई आहे,” तो म्हणाला.

“कुठे?” आग्बेकोंनी वाकून पाहिलं.

“ही. मधल्या मंडपात. ही पेटी.”

आग्बेको बराच वेळ पेटीकडे बघत राहिले. “मला ती बर्फाची पेटी वाटली,” ते हळूच म्हणाले. “मासळीची.”

आंब्याखाली एकच गलका उठला. फ्रेमाच्या अंत्यविधीला बाजार म्हणतो! तीन जिल्ह्यांतून लोक आले होते! ब्रेन्या उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. आनिमनं कोट काढला, कोट काढल्यावर काय करायचं हे न सुचून पुन्हा घातला. आग्बेको पुन:पुन्हा माफी मागत होते, आणि माफी मागणारा माणूस लाच घेतलेल्या माणसापेक्षा किती वेगळा दिसतो, हे ताचिवाच्या लक्षात आलं. तिला ते आवडलं नाही. दोन दिवस ज्या संशयापायी ती धड जेवली नव्हती, तो वाया गेला होता.

इतरांचंही तेच. कुणी पैसे चारलेले नाहीत हे कळल्यावर घराण्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट प्रत्येक जण थोडा हिरमुसला. एवढं मोठं कारस्थान, आणि आपल्यात ते करण्याएवढा कुणीच नव्हता.

टॅबलेट आता ताचिवाच्या मांडीवर होता. ती मृत बहिणीला शोधत नव्हती, तिला पेटी पाठ होती. तिचं बोट मैदानाच्या मागच्या कडेला थांबलं.

“दादा, ही कोण? पेयांचा क्रेट डोक्यावर घेऊन मागच्या वाटेनं तुमच्या घराकडे चाललीय ती?”

ब्रेन्यांनी पाहिलं नाही. “वरून सगळ्या बायका सारख्याच दिसतात.”

“वहिनींचा हिरवा रुमाल सारखा नाही दिसत.”

“आफुआ, आज विषय जमिनीचा आहे.”

“क्रेट जमिनीवरूनच चाललाय.”

आग्बेकोंनी टॅबलेट सोडवून घेतला. “चूक माझी. दुरुस्त होईल. परवा, शनिवारी, आमच्या वरिष्ठ बाई पाहणीला येणार आहेत. बाजार नसला की त्या निळा पुसतील.”

“आणि मग मैदान कुठल्या रंगाचं?” एबेनेझरनं विचारलं.

“हिरवं. मोकळी जागा म्हणून राखीव. कुणालाच काही बांधता येणार नाही.”

गोलातला राग एकदम ओसरला. ब्रेन्या सावकाश खाली बसले.

“आणि समजा निळा राहिला,” ताचिवानं विचारलं, “तर पायवाटेपलीकडे काय?”

“तर बाजाराभोवती खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांचा पट्टा ठेवावा लागतो. खाणावळी, भट्ट्या वगैरे. तो मी आखायला विसरलो होतो, तोही आखीन. म्हणजे, आखला असता.”

ताचिवानं हातावरचं वाळलेलं पीठ चोळून झाडलं. इतका वेळ तिला भट्टी वाचवायला निळा कुणी आखला ते हवं होतं. आता निळा टिकवायला हवा होता.

ब्रेन्यांनी वस्त्राचा पदर खांद्यावर सारखा केला. “मिस्टर आग्बेको, बसा. आम्ही जरा म्हातारीला विचारून येतो.”

अशी म्हातारी नसते. कुळाला एखाद्या गोष्टीवर बाजूला जाऊन बोलायचं असलं की म्हातारीला विचारायला जातात, आणि परत आल्यावर म्हातारीनं काय सांगितलं ते सांगतात. तिचं म्हणणं कुणी खोडून काढत नाही, कारण तिला कुणी भेटलेलं नाही. ब्रेन्या, आनिम आणि ताचिवा उठले. मागोमाग एबेनेझरही.

“तू कुठे?” ब्रेन्या म्हणाले.

“म्हातारीला विचारायला.”

“तू तुझ्या आईच्या कुळातल्या म्हातारीला विचार.”

तिघं भट्टीमागे जाऊन उभे राहिले. भट्टी सकाळची, अजून गरम होती. आनिमनं पाठ टेकली आणि लगेच काढली.

“सांगून टाकू,” तो म्हणाला. “आईच्या मौतीवर मी दुकानं नाही मांडू देणार.”

“कुणी मांडतंय?” ताचिवा म्हणाली. “मी एवढंच म्हणते, तिचं वर्षश्राद्ध याच महिन्यात येतं. दादा ते पुढच्या वर्षावर ढकलत होते.”

“कारण पैसे...” ब्रेन्यांनी सुरुवात केली.

“परवा करा. मंडप घाला, तेवढेच. त्याच रांगेत. आपण कुणाशी एक शब्दही खोटं बोलणार नाही. येणाऱ्या बाईंना जे दिसेल ते दिसेल.”

दोघंही तिच्याकडे बघू लागले, आणि ती नजर तिला ओळखीची होती. कालपासून तीही त्यांच्याकडे तशीच पाहत होती.

“मावशी, तू हे कधी ठरवलंस?”

“आत्ता. तू साखर कधी ठरवलीस?”

“कसली साखर?”

“पोतं. काल आणलंस ते. न मागता.”

आनिम म्हणाला, “आई दर फेरीला फोन करून सांगायची, मावशीसाठी साखर घे, कुमासीत स्वस्त मिळते. मी दरवेळी विसरायचो. आता ती सांगत नाही, तर आठवतं.”

 पोत्याचं तोंड ताचिवानं काल उघडून, हात खोल घालून पाहिलं होतं. तळाशी साखरच होती.

“मंडप माझ्याकडून,” ब्रेन्या अचानक म्हणाले. त्यांच्या तोंडून खर्चाचं वाक्य इतकं सरळ बाहेर पडलेलं दोघांनीही पूर्वी ऐकलं नव्हतं. “पण आनिम, जेवण तुम्ही भावंडांनी करायचं. आईचं आहे.”

“करू. पण गाणारे कुमासीचे आणायचे, मामा. मागच्यासारखे शेजारच्या गावचे नाही. आणि पेयं मावशीच्या ताब्यात.”

ब्रेन्यांनी भट्टीकडे पाहिलं, मग आकाशाकडे. “बरं.”

परत आले तेव्हा एबेनेझरची खुर्ची गोलात होती. ती कुणी पाहिलीच नाही, असं सगळ्यांनी केलं. कर्णे आणि जनरेटर असेंब्लीतून त्यालाच आणायला लागणार होते.

“म्हातारी म्हणते,” ब्रेन्या गंभीरपणे बोलले, “फ्रेमाचं वर्षश्राद्ध शनिवारी मोठं करा.”

आग्बेकोंनी तिघांकडे पाहिलं. मग पिशवीची चेन लावली. “मी हे ऐकलेलं नाही.”

“तुम्हाला सांगितलेलंही नाही. म्हातारीनं आम्हाला सांगितलं.”

शनिवारी मैदान मागच्या वर्षीपेक्षा भरलं. कुमासीच्या गाणाऱ्यांनी फ्रेमाचं नाव घेऊन असं काही आळवलं की आनिम कोटासकट रडला, आणि ताचिवाला त्याचं रडणं खरं वाटलं. पण क्रेट मोजणं तिनं त्यासाठी थांबवलं नाही. वरिष्ठ बाई दुपारी आल्या. त्यांनी काळे-पांढरे कपडे पाहिले, फ्रेमाचा हार घातलेला मोठा फोटो पाहिला, आणि एका नजरेत ओळखलं. अंत्यविधी शनिवारीच होणाऱ्या या देशात, जमिनीवर उभं राहून मंडप पाहिल्यावर न ओळखणारा माणूस अजून जन्मायचा आहे. पण त्यांच्या हातातल्या कागदावर ‘वर्षश्राद्ध’ असा रकाना नव्हता.

“इथे विक्री होते का?” त्यांनी विचारलं.

होत होती. थंड पाण्याच्या पिशव्या, भाजलेल्या मांसाच्या काड्या, मोबाइलचं रिचार्ज, आणि पायवाटेपलीकडे ताचिवाचा पाव.

“किती वेळा भरतो?”

ब्रेन्यांनी मान झुकवली. “देवाच्या मनात असेल तेव्हा.”

“आमच्या कागदावर देव चालत नाही, ओपानिन.”

“तशी मरायला माणसं आहेत गावात,” ताचिवा म्हणाली. “पंचक्रोशी धरली तर जवळजवळ दर शनिवारी कुणी ना कुणी निघतं.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, थोडा जास्तच वेळ. मग ‘साप्ताहिक’ असं लिहिलं. एबेनेझरनं त्यांच्या गाडीत भाताचे डबे ठेवले. ताचिवानं वर दोन गरम पाव ठेवले, त्याचे पैसे बाईंनी आग्रहानं दिले, आणि तिनं ते फारसा आग्रह होऊ न देता घेतले.

पावसाआधी आराखडा मंजूर होऊन आला. निळा तसाच, आणि पायवाटेपलीकडे, भट्टीवरून जाणारा, बारीक नारिंगी पट्टा. एबेनेझरनं कर्ण्यावरून जाहीर केलं की गावाला बाजार आपण आणला. ब्रेन्या पेट्रोल पंपवाल्याच्या फोनची वाट पाहत होते. फोनाऐवजी कचेरीतून कळलं की साप्ताहिक बाजाराची जागा असेंब्लीच्या देखरेखीखाली असते, ती घराण्याला भाड्यानं देता येत नाही, नव्याण्णव वर्षांसाठी नाही आणि एकासाठीही नाही. त्यांनी बहिणीशी बोलणं सोडलं. ही तिनंच रचलेली खेळी, असं ते आनिमला फोनवर सांगत. आनिम तिला सांगे की मामा असं म्हणतो. आणि तो तिला हे का सांगतो, यावर ताचिवा पीठ मळता मळता बराच विचार करी. भट्टी रोज पेटत होती.

पुढच्या सोमवारी जिल्ह्याचा बाजारकर गोळा करणारा माणूस पावतीपुस्तक घेऊन आला. त्यानं मैदानाला पूर्ण फेरी मारली, आंब्याखाली थोडा थांबला, आणि मग भट्टीपाशी येऊन ताचिवाची पावती फाडली. तेव्हापासून तो रोज येतो. बाजारात दुकान एकच आहे.